मुक्या वस्तूंची भाषा

संग्रहालय म्हटलें कीं राजांच्या तलवारी, ताम्रपट आणि सोन्याचीं नाणीं पुष्कळांच्या डोळ्यांपुढें येतात. तथापि ज्या घरीं यांपैकीं कांहींच नाहीं, त्या घरालाही स्मृति असते. आणि मृत्यूनें अथवा स्थलांतरानें होणारी हानि तर प्रत्येक घराच्या वांट्याला येते. अशा हानीची आठवण अनेकांनीं मिळून कशी जतन करावी, याचीं दोन उदाहरणें आम्ही विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवीत आहों.

पहिलें उदाहरण पुणें शहरांतील आहे. दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) यांचा चष्म्यांचा व्यवसाय होता. 'अज्ञातवासी' या नांवानें ते कविताही लिहीत. सुमारें १९२० पासून त्यांनीं जुन्या वस्तू जमविण्यास आरंभ केला. त्यांचा पुत्र राजा बाळपणींच निवर्तला. तें दुःख उरांत ठेवून त्यांनीं व त्यांच्या पत्नी कमलाबाई यांनीं संग्रहाचें काम चालविलें आणि शुक्रवार पेठेंतील आपल्या संग्रहालयास मुलाचें नांव दिलें. दिवे, अडकित्ते, कुलपें, दौती, वाद्यें, पाय घासावयाच्या वज्र्या अशा सुमारें २०,००० वस्तू तेथें जमल्या. पुढें हा ठेवा त्यांनीं महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. एका मुलाच्या नांवाखालीं हजारों अनामिक घरें अशीं एकत्र आलीं. तथापि अमुक अडकित्ता कोणाच्या हातांतला, हें आज बहुधा कोणास सांगतां येणार नाहीं. वस्तु राहिली, नांव गेलें.

ही उणीव कशी भरून काढावी, हें दुसऱ्या उदाहरणावरून समजेल. १९४७ सालीं देशाची फाळणी झाली तेव्हां एक कोटीहून अधिक माणसांस घर सोडावें लागलें आणि लाखों लोक प्राणांस मुकले. सत्तर वर्षांनीं, २०१७ सालीं, अमृतसर येथील टाउन हॉलच्या जुन्या इमारतींत फाळणीचें संग्रहालय उघडलें. तेथील पुष्कळ वस्तू निर्वासितांच्या कुटुंबांनीं हकीकतीसह दिलेल्या आहेत. त्यांत फुलकारीचें भरतकाम केलेला एक कोट व कागदपत्रांची एक चामडी पेटी आहे. ज्या दोघांच्या या वस्तू, त्यांचा विवाह फाळणीपूर्वीं ठरला होता. त्या प्रलयांत त्यांची ताटातूट झाली आणि निर्वासितांच्या छावणींत पुन्हा गांठ पडली.

शेवटच्या दालनांत कांटेरी तारेचें एक झाड आहे. प्रेक्षकानें पानाच्या आकाराच्या कागदावर मनांतील चार शब्द लिहून तें पान झाडास अडकवावयाचें. तार ही माणसांस परस्परांपासून तोडणारी वस्तु. परंतु येणाऱ्यांच्या हातांनीं तीच हिरवी होत जाते. अशा रचनेस मांडणशिल्प म्हणतात. चित्र चित्रकार पुरें करतो. हें झाड मात्र पाहणारा पुरें करतो. तो आला नाहीं, तर नुसती तारच उरते.

फुलसावंगीहून पुणें दूर आणि अमृतसर त्याहून दूर; परंतु या कामास प्रवासाची गरज नाहीं. तिफणीचें चाडें, धान्य मोजण्याची पायली, आजीनें जुन्या लुगड्यांची शिवलेली वाकळ, बंजारा कुटुंबांतील आरसे लावलेली कांचळी, अशा वस्तू आपल्याकडे अजून सांपडतात. जातें अंगणांत पडून राहतें, पायली भंगारांत जाते, आणि त्यांची हकीकत जाणणारें माणूसही एके दिवशीं निघून जातें. वस्तु गेली तर तिचें चित्र काढतां येईल. तें माणूस गेल्यावर विचारावयाचें कोणास?

म्हणून प्रत्येक विद्यार्थ्यानें सुट्टींत घरांतील एक जुनी वस्तु निवडावी. ती कोणाची, कशाची बनविलेली, कोणत्या कामीं येई, आणि ती वापरणाऱ्याची आठवण आज घरांत कोणास आहे, हीं चार उत्तरें वडील माणसांस विचारून कागदावर लिहावीं. शाळा उघडल्यावर वर्गांत त्या वस्तू मांडून शेजारीं कोरे कागद ठेवावे. जो पाहील त्यानें आपल्या घरच्या तशाच वस्तूची अगर माणसाची आठवण तेथें लिहावी. पुरानें वा कर्जानें ज्यांच्या घरीं कांहींच उरलें नाहीं, त्यांनीं नुसतें नांव लिहावें. तेंही पुरेसें आहे.

पालकांस विनंती कीं, मुलांनीं विचारलें असतां 'तुला काय करायचें आहे?' म्हणून त्यांस परतवूं नये. मात्र कोणाचें दुःख ताजें असेल व बोलवत नसेल, तर मुलांनींही आग्रह धरूं नये. जवळ निमूट बसावें.

वस्तूंच्या संग्रहानें केळकरांचें दुःख नाहींसें झालें असेल, असें आम्हांस वाटत नाहीं. परंतु ज्यांनीं त्यांच्या राजाला कधीं पाहिलें नाहीं, तीं मुलें आज त्याचें नांव संग्रहालयाच्या दारावर वाचतात. आपल्या घरच्या ज्या नांवांस असें दार मिळालें नाहीं, तीं निदान वहीच्या एका पानावर उतरावीं, एवढाच या पाठाचा हेतु आहे.