आधी युनिट, मग रक्कम



पाड्यांवरील घरभेटीत मी कुटुंबांसोबत विजेचे बिल वाचतो. बिल थकले की कनेक्शन कापले जाते आणि मुलांचा अभ्यास बुडतो. महावितरणच्या घरगुती दरात महिन्याच्या पहिल्या 100 युनिटांना दर कमी, पुढच्या युनिटांना बराच जास्त असतो. म्हणून मी हा हिशेब शिकवतो. तो आपल्या घरालाही लागू आहे.

1000 वॅटचे उपकरण तासभर चालले की 1 युनिट. 60 वॅटचा पिवळा बल्ब रोज 5 तास जळला, तर 30 दिवसांत 9 युनिट. 9 वॅटच्या एलईडीला दीड युनिटही लागत नाही. खोलीबाहेर जाताना पंखा बंद करा. टीव्ही केवळ रिमोटने नव्हे, भिंतीवरच्या बटणाने बंद करा. पुढचे बिल आले की आधी युनिट पाहा, मग रक्कम.