यंत्रांची बोली आणि तिचा बिघाड

उन्हाळ्याच्या सुटींत अहिल्यानगर जिल्ह्यांतील एखाद्या पाझर तलावाच्या पाळीवर उभें राहिलें असतां एक देखावा हटकून दृष्टीस पडतो. कोरड्या तळांत पोकलेन यंत्र गाळ उपसीत असतें, आणि तो शेतांत नेण्यासाठीं ट्रॅक्टरांची रांग खोळंबलेली असते. यांपैकीं कित्येक तलाव १९७२ च्या दुष्काळांत आपल्याच आजी-आजोबांनीं टिकाव, फावडें व घमेलें हातीं घेऊन खोदले. राज्य शासनानें ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना २०१७ सालीं सुरू केल्यापासून हा देखावा अधिकच परिचयाचा झाला आहे. परंतु हें काम मृगाचा पाऊस येईपर्यंतच चालावयाचें. ऐन वेळीं यंत्र चार दिवस बंद पडलें तर तेवढा गाळ तलावांतच राहतो आणि तेवढें पाणी त्या गांवाला कमी मिळतें. म्हणून अशा यंत्राच्या एका विशिष्ट बिघाडाविषयीं येथें चार शब्द लिहिण्याचें योजिलें आहे. (पोकलेन हें मूळ एका फ्रेंच कंपनीचें नांव; वनस्पति तुपाला जसें डालडा, तसें तें आपल्याकडे साऱ्या खोदयंत्रांना चिकटलें.)

पूर्वीं यंत्राचे दांडे व तारा ओढल्या म्हणजे काम होत असे. आजच्या यंत्रांत इंजिनासाठीं एक, तेलाच्या पंपासाठीं एक व चालकासमोरील पडद्यासाठीं एक, असे लहान लहान संगणक असतात. कारागीर त्यांना कंट्रोलर म्हणतात. त्यांना एकमेकांशीं सारखें बोलावें लागतें. प्रत्येकापासून प्रत्येकाकडे निराळ्या तारा नेल्या तर तारांचा भाराच होईल. ही अडचण दूर करण्यासाठीं जर्मनींतील बॉश कंपनीनें १९८३ सालीं एक पद्धति शोधण्यास आरंभ केला व १९८६ सालीं अमेरिकेंतील डेट्रॉइट शहरीं ती जगापुढें मांडली. तिचें नांव कॅन. अवजड वाहनांसाठीं तिच्यावर जी नियमावली रचिली, ती ‘जे १९३९’ या नांवानें ओळखिली जाते. हा सनाचा आंकडा नव्हे, केवळ नियमावलीचा क्रमांक आहे. आम्ही स्वतः प्रथम फसलों होतों.

या पद्धतींत एकमेकींना पीळ दिलेल्या दोनच तारा सर्व कंट्रोलरांजवळून जातात. कोणी बोलत नसतां दोन्ही तारांवर सुमारें २.५ व्होल्ट दाब असतो. कोणी बोलूं लागला कीं एक तार ३.५ पर्यंत चढते व दुसरी १.५ पर्यंत उतरते. ऐकणारा फक्त दोहोंमधील अंतर पाहतो. बाहेरून विजेचा उपद्रव झाला तर तो पिळामुळें दोन्ही तारांना सारखाच होतो आणि अंतर तसेंच राहतें. दोघे एकदम बोलूं लागले तर ज्याच्या निरोपाचा क्रमांक लहान तो बोलत राहतो. दुसरा आपण होऊन थांबतो व मागाहून आपला निरोप सांगतो. कोणाचें अक्षरही वायां जात नाहीं. आमच्या वर्गांत असें कधीं घडेल तें देव जाणे!

तलावांत दगड टाकला असतां लाट पाळीवर आपटून परत फिरते, हें सर्वांनीं पाहिलें आहे. विजेचा संदेशही तारेच्या टोंकाशीं पोंचून असाच परत फिरेल व मागून येणाऱ्या संदेशांत मिसळून घोटाळा करील. तो तेथेंच जिरावा म्हणून दोन्ही टोंकांना १२० ओहमचा एकेक विरोधक जोडतात. दोन समान विरोध समांतर जोडले असतां एकूण विरोध निम्मा होतो, हें भौतिकशास्त्राच्या पुस्तकांत आहेच. म्हणून निरोगी जोडतारेचा विरोध ६० ओहम भरतो. प्रयोगशाळेंत दोन विरोधक व एक मल्टिमीटर घेऊन हें कोणासही ताडून पाहतां येईल.

बिघाड शोधण्याची सारी किल्ली या ६० च्या आंकड्यांत आहे. प्रथम खोऱ्या जमिनीवर टेकवावा, चावी काढावी व बॅटरीचा प्रवाह तोडावा. प्रवाह चालू असतां घेतलेलें विरोधाचें माप खोटें असतें. पुष्कळ यंत्रांत तपासणीसाठीं नऊ पिनांचा गोल कपलर असतो; त्यांतील सी व डी या पिनांवर मीटर लावावा. ६० आल्यास तारा व दोन्ही विरोधक त्या क्षणीं तरी शाबूत आहेत. १२० आल्यास एका टोंकाचा विरोधक गेला किंवा वाटेंत तार तुटली. ४० आल्यास कोणी तरी तिसरा विरोधक जोडून ठेविला. शून्याजवळ आल्यास दोन तारा एकमेकींस चिकटल्या. नंतर प्रवाह चालू करून प्रत्येक तारेचा दाब पाहावा. दोहोंची बेरीज पांच व्होल्टच्या आसपास आली पाहिजे. एखाद्या तारेवर शून्य किंवा बॅटरीचे २४ व्होल्ट दिसले तर ती यंत्राच्या अंगाला अथवा प्रवाहाच्या तारेला लागली आहे.

पारनेर तालुक्यांतील एका तलावावर आम्हीं पाहिलेली हकीकत येथें सांगतों. यंत्र सकाळीं उत्तम चाले; दहाच्या सुमारास इंजिन मंद होई व ‘इंजिनाच्या कंट्रोलरशीं संपर्क नाहीं’ असा संकेत पडद्यावर उमटे. एका कारागिरानें नवा कंट्रोलर बसविण्यास सांगितलें होतें. किंमत ऐकून मालकाच्या तोंडचें पाणी पळालें. यंत्राचे हप्ते अद्याप फिटावयाचे होते. आमचा एक माजी विद्यार्थी तेथें फिटर म्हणून आला. तो म्हणाला, “सर, पडदा एवढेंच सांगतो कीं मला इंजिनाचा आवाज ऐकूं येत नाहीं. इंजिनाचा कंट्रोलर मुका झाला असें तो कोठें म्हणतो? मधली वाटही तुटली असेल.”

त्यानें मीटर लावला तों आंकडा ६० च आला. जमलेल्या मंडळींचा विरस झाला. पण तो डगमगला नाहीं. सध्यां तार जुळलेली आहे, ती तुटेल तेव्हांच चोर सांपडेल, असें म्हणून त्यानें चालकास मीटरवर नजर ठेवण्यास सांगितलें व स्वतः तारांची जुडी हातानें वीत वीत हलवीत निघाला. चालकाच्या आसनामागें, जेथें जुडी इंजिनाकडे जाते, तेथील कपलर हलवितांच चालक ओरडला, “एकशें वीस!” हात सोडतांच पुन्हां ६०.

कपलर उघडला. यंत्र धुतांना जोराच्या फवाऱ्यानें आंत पाणी शिरलें होतें. एक पिन हिरवी पडून मागें सरकली होती. सकाळीं ती कशीबशी टेकत असे, आणि यंत्र तापून हादरूं लागलें कीं सुटत असे. नवा कंट्रोलर बसविला असता तरी दुसऱ्या दिवशीं दहा वाजतां तोच संकेत पुन्हां उमटला असता. त्यानें पिन बदलली, कपलर कोरडा करून घट्ट बसविला, आणि पुन्हां जुडी हलवून पाहिली. आंकडा ६० वरून ढळला नाहीं. जातां जातां त्यानें चालकास दोन गोष्टी बजावल्या: कपलरांवर पाण्याचा फवारा मारूं नये, व खोऱ्याचे दांत वेल्डिंग करावयाचे असतील तेव्हां आधीं बॅटरीच्या तारा व कंट्रोलरांचे कपलर सोडावे, कारण वेल्डिंगचा प्रवाह यांतून वाट काढतो.

मालकानें नव्या कंट्रोलरची मागणी तेथूनच फोन करून रद्द केली. ट्रॅक्टरवाले सावलींतून उठले, आणि अंधार पडेपर्यंत गाळाच्या खेपा चालू राहिल्या.