हळद, सालई आणि सुजलेले सांधे

आपल्या इंदापूर तालुक्यातले भिगवण सांध्यांच्या आजारांवर काम करणाऱ्या डॉक्टरांना जगभर ठाऊक आहे. पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली तिथे घरोघर पाहणी केली. ४०९२ प्रौढांपैकी ७४६ जणांना सांधे-स्नायूंचे दुखणे निघाले. आमवात मात्र दोनशे माणसांत एखाद्यालाच.

हा फरक आपण ओळखायला हवा. कष्टाने झिजलेला गुडघा चालताना दुखतो, बसले की थांबतो. आमवातात सकाळी उठल्यावर तासभर मूठ मिटत नाही, दोन्ही हातांची बोटे सारखीच सुजतात. शरीराची रोगाशी लढणारी यंत्रणाच सांध्यांवर उलटते. खुरपायला जाणाऱ्या बाईचा हात असा गेला की मजुरीच गेली.

मग हळदीचे काय? डॉ. चोप्रांच्याच गटाने आमवाताच्या १८२ रुग्णांवर १६ आठवडे चाचणी घेतली. निष्कर्ष २००० साली छापून आला. काहींना अश्वगंधा, सालईचा डिंक, सुंठ आणि हळद यांच्या अर्काची गोळी दिली, काहींना तशीच दिसणारी बिनऔषधी गोळी. कोणाला कोणती, हे रुग्णालाही माहीत नव्हते, तपासणाऱ्यालाही नाही. सांध्यांची सूज वनस्पतींच्या गोळीने थोड्या जास्त जणांची उतरली. पण एकूण आजारात दोन्ही गटांत ठोस फरक दिसला नाही, कारण बिनऔषधी गोळीनेही पुष्कळांना बरे वाटले. शेजारणीला गुण आला एवढ्यावर औषध का ठरवू नये, ते इथे कळते.

शिवाय चाचण्यांत अर्क वापरतात. हळदीत करक्युमिन शंभरात तीनेक भागच असते आणि तेही अंगी फार कमी लागते. भाजीतली हळद खुशाल खा, औषध म्हणून तिच्यावर विसंबू नका.

बाजारातल्या बिननावाच्या पुड्यांची आम्हाला जास्त काळजी वाटते. दोन दिवसांत जादूसारखा आराम पडला, तर पुडीत स्टेरॉइड मिसळल्याची शंका घ्या. त्याने साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात. अशी पुडी बरेच दिवस घेतली असेल तर एकदम बंद करू नका. ती घेऊन डॉक्टरांकडे जा.

सूज सहा आठवडे टिकली तर सरकारी दवाखान्यात दाखवा. मेथोट्रेक्सेट लिहून दिले, तर ते आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते, रोज नाही. दिवस राहिले असतील किंवा राहण्याची शक्यता असेल, तर ते आधी सांगा. काढा चालू असेल तर तेही लपवू नका. दोन्हींचा भार यकृतावर पडू शकतो.