मेडिकलला नंबर लागला नाही? धान्य राखणारं विज्ञानही शिका

नीटचा निकाल लागला की लातूर-नांदेडच्या कितीतरी घरांत एकच प्रश्न उरतो : मेडिकल हुकलं, आता पुढे काय? पालकांनो, एकदा मुलांना घेऊन लातूरच्या मार्केट यार्डात फिरून या. तूर, हरभरा, सोयाबीन यांवर इथली मोठी उलाढाल चालते. हा माल किडीपासून वाचवणं हे शिकलेल्या माणसाचं काम आहे.

तुरीचा दाणा निरखून पाहा. सालीवर चिकटलेला पांढरा ठिपका म्हणजे भुंगेऱ्याचं अंडं. त्यातली अळी थेट दाण्यात शिरते, आतलं खाऊन वाढते आणि भुंगेरा होऊन गोल भोकातून बाहेर पडते. भोक दिसेपर्यंत नुकसान झालेलं असतं. घरी आपण डाळीला ऊन देतो. गोदामात ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या ठेवतात. त्यांतून निघणारा वायू माणसालाही जीवघेणा असतो, आणि भारतासह अनेक देशांत काही किडी त्याला दाद देईनाशा झाल्या आहेत.

यावर एक पर्याय म्हणजे रेडिओ लहरी. धातूच्या दोन पट्ट्यांमध्ये धान्य ठेवून बहुधा २७.१२ मेगाहर्ट्झच्या लहरी सोडतात. किडीच्या अंगात कोरड्या दाण्यापेक्षा पाणी कितीतरी जास्त असतं, म्हणून ती लवकर तापू शकते. ५० ते ५५ अंश सेल्सिअस तापमान काही मिनिटं टिकलं की बऱ्याच किडी मरतात आणि धान्यात विषाचा अंश राहत नाही. मात्र सगळा माल सारखा तापत नाही, बियाण्याची उगवणशक्ती जपावी लागते, यंत्रही महाग पडतं. हे प्रश्न सोडवायला माणसं हवी आहेत.

कोणी काय शिकावं?

किडींची आवड असेल तर बी.एस्सी. कृषी करून पुढे कीटकशास्त्र घ्यावं. लातूरला कृषी महाविद्यालय आहे. यंत्रांची ओढ असेल तर परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात कृषी अभियांत्रिकी आणि अन्नतंत्रज्ञान शिकता येतं. लहरींचं गणित आवडत असेल तर नांदेडच्या श्री गुरु गोबिंदसिंहजी अभियांत्रिकी संस्थेत इलेक्ट्रॉनिक्स आहे. पुढे मुंबईची ‘समीर’ ही सरकारी संस्था रेडिओ आणि मायक्रोवेव्ह तंत्रज्ञानावरच संशोधन करते.

‘रेडिओ लहरी तज्ज्ञ पाहिजे’ अशी जाहिरात रोज येणार नाही. पण कृषी किंवा अन्नतंत्रज्ञानाच्या पदवीवर भारतीय अन्न महामंडळाच्या तांत्रिक पदांची परीक्षा देता येते. वखारी, डाळमिल, बियाणे कंपन्या याही वाटा आहेत.

म्हणून ज्यांची अकरावी-बारावी अजून व्हायची आहे, त्यांना दोनच गोष्टी सांगतो. अकरावीला जीवशास्त्र घेतलं तरी गणित सोडू नका. अभियांत्रिकीची वाट त्यानेच उघडी राहते. आणि नीटबरोबर एमएचटी-सीईटीचा अर्जही वेळेत भरा.