स्वभाव आणि विकार

आपल्या ग्वाल्हेरीस मानसिक आरोग्यशाला आहे, त्यामुळे थट्टेला एक आयते वाक्य मिळाले आहे. घरातील कोणी जरा तऱ्हेवाईक वागले की 'यास आरोग्यशालेत पोचवा' म्हणून आपण हसतो. उलट, एखाद्याच्या वागण्याने सारे घर पोळत असले तरी 'स्वभावाला औषध नाही' म्हणून गप्प राहतो. आमच्या मते दोन्ही वाक्ये सारखीच घातक आहेत.

स्वभावाचे गुण सर्वांत तेच असतात. प्रमाण तेवढे वेगळे. आजचे मानसशास्त्र मुख्यत्वे पाच अंगे मानते : बहिर्मुखता, सौजन्य, कर्तव्यदक्षता, मनाचा हळवेपणा व नव्याची ओढ. युनानी हकीम मिजाज चार मानीत, आणि मिजाजाचा तोल ढळणे म्हणजे आजार, असे म्हणत. त्यांची रक्त-कफाची उपपत्ती मागे पडली. तोलाची कल्पना मात्र टिकली.

आमच्या वर्गात एक मुलगा होता. अक्षर मोत्यासारखे. एक शब्द चुकला की पान फाडून सारे पुन्हा लिही. त्याची वही आम्ही इतरांस नमुना म्हणून दाखवीत असू. वार्षिक परीक्षेत त्याने सहांपैकी दोनच प्रश्न लिहिले, तेव्हा वडिलांस बोलावले. घरीही तेच चालले होते. धाकट्या बहिणीने दप्तरास हात लावला तरी रडारड, खेळावयास जाणे बंद. ज्या गुणाचे आम्ही वर्षभर कौतुक केले, तो त्या पोरास आतून पोखरीत होता. त्यास विकार म्हणावे काय? तो निर्णय तज्ज्ञाचा. शिवाय वाढत्या वयात स्वभाव घडत असतो, त्यावर घाईने शिक्का मारू नये. पण विचारपूस आधीच करावयास हवी होती, ती आम्ही केली नाही.

जर्मन मनोविकारतज्ज्ञ कुर्ट श्नायडर यांनी १९२३ साली साधी कसोटी सांगितली : आपल्या वेगळेपणामुळे तो माणूस स्वतः दुःख भोगतो काय, किंवा समाजास भोगावे लागते काय? जागतिक आरोग्य संघटनेचे २०२२ पासून लागू झालेले रोगवर्गीकरण याच वाटेने जाते. संशयी, नाटकी, परावलंबी असे जुने खण त्याने बहुतांशी मोडले. आता त्रास सौम्य, मध्यम की तीव्र, हे आधी पाहावयाचे. कोणता गुण वाढला आहे, हे मागाहून. तो त्रास दोन वर्षे वा अधिक काळ टिकलेला असावा, आणि घर, काम, मैत्री अशा निरनिराळ्या ठिकाणी दिसावा. केवळ साहेबांशी खटके उडविणारा कारकून यात बसत नाही!

राहिली ती म्हण. स्वभाव बदलणारी गोळी नाही, हे खरे. परंतु भावनेचा लोंढा आला असता काय करावे, हे शिकविता येते. अमेरिकेतील मार्शा लिनेहन यांनी स्वतःस वारंवार इजा करून घेणाऱ्यांसाठी अशी शिकवण बसविली, १९९३ साली तीवर ग्रंथ लिहिला, आणि तिने अशा इजा कमी होतात असे पुढील चाचण्यांत दिसले. ज्यांस आरोग्यशालेची पायरी चढण्याचा संकोच वाटतो, त्यांच्यासाठी २०२२ पासून शासनाची टेली-मानस ही दूरध्वनी सेवा आहे, क्रमांक १४४१६.