डोळे तपासणारी पोर

मंडळी, डोळे दाखवायला दवाखान्यात गेलात, तर बहुधा डॉक्टरांच्या आधी आणखी एक माणूस भेटतो. तोच आपले डोळे प्रथम तपासतो. त्याला नेत्र सहाय्यक म्हणतात. त्याचे काम काय असते, ते आज पाहू.

आमच्या कंधार भागातील एक आजी. तिला उजव्या डोळ्याने दिसेना. गावातले जाणते म्हणाले, "मोतीबिंदू हाय. पिकू द्या, मग काढू." आजी दोन वर्षे थांबली. पण मनातली अडचण वेगळीच होती. दवाखान्यात अक्षरे वाचायला लावतात, हे तिने ऐकले होते. चारचौघांत "मला वाचता येत नाही" म्हणायची तिला लाज वाटे.

पुढे चालताना दाराची चौकट लागू लागली. तेव्हा नातवाने तिला सरकारी दवाखान्यात नेले. मीही सोबत गेलो.

तिथे एक तरुण मुलगी सहाय्यक होती. आजी हळूच म्हणाली, "माय, मला अक्षर येत न्हाई."

"आजी, वाचायचं नाहीच. ही दाताळी बघा. दात कुणीकडं आहेत, तेवढं हातानं दाखवा."

भिंतीवर तक्ता होता. त्यावर तीन दातांच्या दाताळ्यासारख्या खुणा होत्या. वर मोठ्या, खाली बारीक. दात कुठे वर, कुठे खाली, कुठे डावीकडे, कुठे उजवीकडे. असा तक्ता ६ मीटर, म्हणजे सुमारे २० फुटांवरून दाखवतात. मी आयुष्यभर मुलांना अक्षरे शिकवली. पण न शिकलेल्या माणसाचा असा मान राखणारा तक्ता मी पहिल्यांदाच पाहिला.

मुलीने एकेक डोळा झाकून तपासला. डाव्या डोळ्याने आजीने चार ओळी दाखवल्या. उजव्या डोळ्याला बॅटरीचा उजेडही कळला नाही. मग मुलीने यंत्राने डोळ्यांचा दाब मोजला. तो फार वाढला होता. ती लगेच डॉक्टरांकडे गेली.

डॉक्टर म्हणाले, "हा मोतीबिंदू नाही, काचबिंदू आहे. उजवी नजर परत येणार नाही. डावी राखता येईल. थेंब रोज घालायचे, एक दिवसही चुकवायचे नाहीत."

दोन्ही रोगांत दिसेनासे होते, पण फरक मोठा आहे. मोतीबिंदूत डोळ्यातले भिंग गढूळ होते. शस्त्रक्रिया करून नवे भिंग बसवले की बहुधा पुन्हा दिसते. तो पिकेपर्यंत थांबायची गरज नाही. काचबिंदूत मात्र बहुधा डोळ्याचा दाब वाढतो आणि आतली नस सुकत जाते. बहुतेकांना काही दुखत नाही, म्हणून कळतही नाही. गेलेली नजर परत येत नाही.

नजर तपासणे, चष्म्याचा नंबर काढणे, दाब मोजणे, शस्त्रक्रियेआधी भिंगाचे माप घेणे, ही सहाय्यकाची कामे. रोग ठरवणे आणि शस्त्रक्रिया करणे हे डॉक्टरांचे काम. पण पहिली तपासणी चुकली, तर पुढचेही चुकू शकते.

हे काम आपल्या मुलामुलींनाही शिकता येते. विज्ञान घेऊन बारावी झाल्यावर दोन वर्षांचा अभ्यासक्रम असतो. देशात अंधत्व रोखण्याची राष्ट्रीय योजना १९७६ साली सुरू झाली. त्याच साली मदुराईत डॉ. व्यंकटस्वामी यांनी ११ खाटांचे अरविंद नेत्र रुग्णालय काढले. तिथे खेड्यातल्या मुलींनाच दोन वर्षे शिकवून सहाय्यक करतात. आज ते जगातल्या मोठ्या नेत्र रुग्णालयांत गणले जाते. आपल्याकडेही उणीव नाही. डोळ्यांचे नामवंत डॉक्टर तात्याराव लहाने लातूर जिल्ह्यातल्या माकेगावचे. २००८ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

आजी आता न चुकता थेंब घालते. काचबिंदू घराण्यात उतरू शकतो, म्हणून तिच्या मुलांनीही डोळे तपासून घेतले. तुमची चाळिशी उलटली असेल, तर तुम्हीही तपासून घ्या. अक्षर येवो न येवो, दाताळ्याचे दात कुणालाही दाखवता येतात.

सांगा पाहू :
१. आजी दोन वर्षे का थांबली?
२. मोतीबिंदू आणि काचबिंदू यांत फरक काय?
३. तुमच्या घरात कुणाचे डोळे तपासायचे राहिले आहेत?