गिअरची सायकल, घाटाची वळणं आणि पाण्याचा हंडा

सहावीला 'साधी यंत्रे' आणि सातवीला 'गती, बल व कार्य' शिकवताना एक प्रश्न हमखास येतो: "सर, गिअर टाकला की चढ सोपा होतो, म्हणजे काम कमी होतं ना?" उत्तर 'नाही' असं आहे, पण ते फळ्यावर पटत नाही. फेब्रुवारीत एका शनिवार-रविवारी मी आणि माझा एक शिक्षक मित्र गिअरच्या सायकली आणि तंबू घेऊन जव्हार तालुक्यातल्या जामसरकडे गेलो होतो. तिथे हा पाठ आयताच मिळाला.

जव्हार समुद्रसपाटीपासून सुमारे ४५० मीटर उंचीवर. विक्रमगडच्या बाजूने येताना चढ चुकत नाही. चढावर आम्ही पुढे २२ आणि मागे ३२ दात्यांचं चक्र लावलं. पायडलचा एक फेरा मारला की मागचं चाक २२ भागिले ३२, म्हणजे जेमतेम पाऊण फेऱ्याहून थोडं कमी फिरतं. २६ इंची चाकाचा परिघ सुमारे २.०७ मीटर, म्हणून सायकल पुढे जाते १.४ मीटर. सपाटीवर ४२ आणि १४ लावले की त्याच एका फेऱ्यात ६.२ मीटर. चढावर जोर कमी लागतो, पण फेरे चौपटीहून जास्त मारावे लागतात. चढायची उंची तेवढीच राहते, म्हणून कार्यही तेवढंच. (हे गणित सातवीची मुलं सहज करतात. एखादी गिअरची सायकल वर्गात उलटी उभी करा आणि दाते मोजायला लावा.)

संध्याकाळी एका पाड्याजवळ, शेतमालकाला विचारून, कापणी झालेल्या भातखाचरात तंबू लावला. विहीर खाली, उताराच्या पायथ्याशी. सरळ वर यायला वाट होती, तरी हंडे घेतलेल्या बायका नागमोडी वाटेनेच येत होत्या. मित्र म्हणाला, "अरे, हाच तर त्यांचा गिअर!"

समजा विहीर २० मीटर खाली आहे. सरळ वाट ५० मीटरची, पाऊल अर्ध्या मीटरचं, तर १०० पावलं आणि प्रत्येक पावलाला २० सेंटिमीटर चढ. नागमोडी वाट १२५ मीटरची, तर २५० पावलं आणि दर पावलाला फक्त ८ सेंटिमीटर. घाटरस्त्याची वळणंही याच हिशोबाने काढलेली असतात.

आता अडचणीची जागा. पुस्तकाप्रमाणे हंडा डोक्यावर घेऊन सपाटीवर चाललं तर हंड्यावर केलेलं कार्य शून्य, कारण बल वरच्या दिशेने आणि विस्थापन आडवं. नियम बरोबर आहे. पण ज्या मुलीने सकाळी दोन खेपा करून शाळा गाठली, तिच्यासमोर हे वाक्य नुसतं वाचून पुढे जाऊ नये असं मला वाटतं. स्नायू ताणून धरायलाही शरीराची ऊर्जा खर्च होते, ती या सूत्रात मोजलेली नाही, एवढं सांगायला दोन मिनिटं लागतात. नाहीतर तिला वाटतं, आपण केलं ते काम नव्हतंच.

विहिरीवर एका मावशींना पाणी घेऊ का विचारलं. "प्यायला न्या, पण आंघोळ इथे नको," त्या म्हणाल्या. रात्री आम्ही हिशोब केला. संध्याकाळपासून सकाळपर्यंत दोघांना पिण्यासाठी ६ लिटर, भातासाठी आणि चहासाठी ३, भांडी आणि तोंड धुवायला ४. एकूण १३ लिटर, म्हणजे जवळजवळ एक हंडा. तो आम्हीच खालून वर आणला, नागमोडी वाटेने.

या भागात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तरी उन्हाळ्यात कित्येक पाड्यांवर टँकर येतो. खाली काळा कातळ, वर मातीचा पातळ थर आणि तीव्र उतार, त्यामुळे पाणी मुरण्याआधी वाहून जातं. शेजारच्या मोखाडा तालुक्यात वैतरणेवर मध्य वैतरणा धरण आहे, त्याचं पाणी मुंबईला जातं. भूगोलाच्या तासाला नकाशावर हे दोन्ही शेजारी शेजारी दाखवता येतं.

मुलांना घेऊन कुणी जाणार असेल तर दोन गोष्टी. गावात आधी विचारा. आणि शेकोटी नको: या दिवसांत शेतकरी राब भाजतात, ते ठरलेल्या जागेत आणि लक्ष ठेवून. आजूबाजूचं गवत मात्र वाळलेलं असतं.

घरचा अभ्यास असा देता येईल: घरात पाणी कुठून येतं, किती उंचीवरून किंवा किती खोलीतून, आणि ते वर कोण किंवा काय चढवतं? हंडा असेल तर पावलं मोजा, मोटर असेल तर मिनिटं.